फक्कीची रेघ

सागर,
२२ सप्टेंबर १९८५

प्रिय पंचाआक्कास,
नरसिंगचा सप्रेम जय भीम.

हे पत्र तू एकटीनं वाच. दाजींना सांगितलंस तरी हरकत नाही, पण आईपर्यंत जाऊ देऊ नकोस.

मी इथं सागरच्या लष्करी दवाखान्यात आहे. उजव्या पायाची नडगी मोडली. आमच्या ट्रेनिंगमध्ये नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारायची असते. मी ती रोज मारायचो, आणि खरं सांगायचं तर जरा मिजाशीत मारायचो. त्या दिवशी पलीकडच्या काठावर पाय वाकडा पडला आणि वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. आता मांडीपर्यंत प्लास्टर आहे. जेवण चांगलं मिळतं, दूध मिळतं, काळजी करू नकोस.

दुखण्याचं काही नाही. पण माझी तुकडी पुढं निघून गेली. पाय बरा झाला की मला मागून भरती झालेल्या पोरांच्या तुकडीत टाकतील. इथं त्याला रिलिगेट करणं म्हणतात. तू शाळेतली बाई आहेस, तुला लगेच कळेल. नापास झालेलं पोर त्याच वर्गात बसून राहतं आणि खालची पोरं वर येऊन त्याच्या शेजारी बसतात, तसं. बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवरचा निलंग्याचा शेषेराव पळण्यात नेहमी माझ्या मागं असायचा. तो डिसेंबरात कसम खाऊन फौजी शिपाई होईल, आणि मी पुन्हा डावा-उजवा शिकत बसेन.

लातूरहून निवृत्तीकाकांचं पत्र आलं होतं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत अजून शिपायांच्या जागा भरून राहिले, म्हणतात. तिथल्या साहेबाजवळ त्यांचं वजन आहे. मी पायाचं कारण सांगितलं तर इथून मोकळं करतील, असं इथले लोक म्हणतात. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतंय.

आईला मी मागंच कळवून बसलो की डिसेंबरात कसमेची परेड आहे. आता काय करू ते तूच सांग.

तुझा,
नरसिंग


नायगाव,
५ ऑक्टोबर १९८५

चि. नरसिंगास,
आक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

चौथीत असताना तू गोठ्याच्या पत्र्यावरून उडी मारून दात पाडून घेतला होतास. तेव्हाही मिजाशीतच मारली होतीस. म्हणजे सरकारनं तुला नवीन काही शिकवलेलं नाही. पत्र वाचून मी आधी रडले, मग हे लिहायला बसले. तुझे दाजी म्हणतात, हाड जुळेपर्यंत गप पडून राहा म्हणावं. तू गप पडून राहशील यावर माझा भरवसा नाही.

इकडं पावसानं पार तोंड फिरवलं आहे. शाळेत पोरं दप्तराबरोबर रिकामी कळशी घेऊन येतात, कारण टँकर शाळेपुढंच थांबतो. टँकरचा आवाज आला की माझा वर्ग रिकामा. मीही आता त्याच्याआधी गणित उरकून घेते.

आई आपल्या माळावरच्या पाझर तलावाच्या कामावर जाते. सगळी वस्तीच तिथं आहे. मी गेल्या रविवारी चाकूरवरून घरी गेले तेव्हा तिच्याबरोबर कामावर जाऊन बसले. तिथं पंचाक्षरी म्हणून एक मिस्त्री आहे. तो सायकलवरून येतो, दोन खुंट्यांना सुतळी ताणतो, आणि तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून चुन्याची पांढरी फक्की सांडत रेघ मारत जातो. मग त्या रेघेच्या आत सगळ्यांनी खोदायचं. रेघेवर कुणाचं पोर चाललं तरी तो खेकसतो. आई मला हळूच म्हणाली, "फक्की मारनारा त्यो साहेब बग. आपुन निस्ते खंदनारे." त्याच्यापुढं ती पदर सावरून उभी राहते.

आता मुद्द्याचं. तू परेडचं कळवलंस ते तिनं त्या साऱ्या कामावर सांगून ठेवलं आहे. नांदेडचे व्यंकटीमामा रेल्वेत आहेत, त्यांचा पास काढायचं ठरलंय. ती हिरवं लुगडं धुऊन घडी घालून बसली आहे. तेव्हा तू स्वतः तिला लिही. गावात किशनराव गुरुजी तिला वाचून दाखवतात, ते सांभाळून वाचतील. माझ्या गळ्यात हे काम घालू नकोस.

शिपायाच्या जागेचं म्हणशील, तर साहेबाची बेल वाजली की उठायचं यात काही कमीपणा नाही. घरी भाकर येते, तू डोळ्यांपुढं राहशील, मला तर बरंच वाटेल. पण तू पाय दुखतो म्हणून येणार आहेस, की लाज वाटते म्हणून? एवढं एकदा स्वतःला विचार.

तुझी,
आक्का


सागर,
१७ नोव्हेंबर १९८५

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम.

प्लास्टर निघालं. आतून जो पाय निघाला तो माझा वाटतच नव्हता. नुसता बोरूसारखा बारीक, आणि कातडीचं भुसकट. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलं आहे, आता चालायचं, मग महिन्याभरानं तपासून पळायचं का ते सांगू. तोवर मला हलकी कामं दिली आहेत. झाडणं, बादल्या भरणं, दगडांना गेरू लावणं.

नव्या तुकडीतली पोरं मला 'बडे भाई' म्हणतात. त्यांच्या मनात काही वाईट नसतं, पण ऐकलं की कान गरम होतात. समोरच्या मैदानावर शेषेराव आणि सगळे परेडची तयारी करतात आणि मी झाडू घेऊन कडेला उभा असतो.

लाजेचं तू बरोबर विचारलंस. पाय आता तेवढा दुखत नाही. यावरून काय ते समज. मी निवृत्तीकाकांना 'जागा बघून ठेवा' म्हणून लिहिलं आहे.

आईला पत्र लिहिलं. आता ती येणार नाही.

तुझा,
नरसिंग


सागर,
१६ डिसेंबर १९८५

प्रिय आक्कास,
जय भीम.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. आई येऊन गेली.

पत्र मी खरंच लिहिलं होतं, पण पेटीत टाकायला हात गेला नाही. रोज उद्या टाकू म्हणत राहिलो. मला वाटलं, एवढ्या लांब ती कुठली येते.

परेडच्या दिवशी पहाटे आम्हा हलक्या कामाच्या लोकांना मैदानावर नेलं. तुकड्यांनी कुठं उभं राहायचं, कुठून वळायचं, त्या रेघा मारायच्या होत्या. माझ्या हातात फक्कीचा डबा आला. सुतळी ताणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा मारल्या. मग डबा घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं, कुठं पुसली तर पुन्हा मारायची. लोक येऊन बसायला लागले. मी सहज तिकडं पाहिलं तर बाकावर हिरवं लुगडं. शेजारी मामा.

बँड वाजला. माझी तुकडी माझ्यासमोरून गेली. शेषेरावची छाती बघण्यासारखी होती. आणि मी चुन्यानं पांढरा झालेला, हातात गळका डबा. आईनं मला पाहून हात केला. मी मान खाली घातली.

नंतर भेटायला थोडा वेळ मिळाला. तिनं धपाटे आणि कारळाची चटणी आणली होती. मला खायला लावलं, तोंडावरची फक्की पदरानं पुसली. बाकी एक शब्द विचारला नाही. परेडमध्ये का नव्हतास, काय झालं, काहीच नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सगळं सांगून टाकलं असतं. ती काही बोलली नाही, तेच मला खातंय.

आता बस झालं. काकांना सांग, मी जानेवारीत येतो.

नरसिंग


नायगाव,
२९ डिसेंबर १९८५

चि. नरसिंगास,
आशीर्वाद.

काकांना मी काही सांगितलेलं नाही. आधी हे पत्र शांतपणे वाच, आणि बसून वाच.

आई परतताना नांदेडहून मामांबरोबर इकडं आली, दोन दिवस राहिली. घरात पाऊल टाकलं ते पाय धुवायच्या आधी बोलायलाच लागली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"पंचे, आपला नरशा लई मोट्या कामावर हाय. तितं बंदुका घिऊन मानसं लई हायत गं, शेकड्यानं हायत. पर कुनी कुटं हुबं ऱ्हायाचं ते आपला नरशा ठरिवतो. फक्कीचं डबडं त्याच्याच हातात. त्यानं रेघ मारली, मंग समदे त्या रेघंला धरून चालले. मोटे साहेब आले तरी रेघ चुकिवना. आन् ह्यो कोपऱ्यात हुबा, कुनाचं चुकतंय का बगत."

मी म्हणाले, "आई, तो चालत नव्हता का त्यांच्यात?"

"त्यो कशाला चालंल? मिस्त्री कदी खंदतो का?"

नरसू, मी मामांकडं पाहिलं. मामा भिंतीकडं बघत होते. त्यांना सगळं कळलेलं दिसलं, पण वाटेत तीन गाड्या बदलेपर्यंत त्यांची सांगायची हिंमत झाली नाही.

मग मी भीत भीत विचारलं, की त्याचा पाय वगैरे बरा होता ना. तर म्हणते, "पाय जरा जपूनच टाकीत व्हता. टाकावाच लागतो. ताजी फक्की, धसाधसा चालला तर पुसून जाईल ना." आणि काही विचारलं का नाहीस म्हटलं, तर, "कामाच्या मानसाला काय इचारायचं? त्याला यळ कुटाय? मला बगून लाजला बिचारा, मान खाली घातली. एवडा मोटा झाला तरी घमेंड न्हाई."

हे सांगताना ती इतकी खुश होती की माझ्या तोंडून खरं निघालं नाही. आता गावी जाऊन तिनं काय केलं असेल ते तूच ओळख. दाजी परवा चाकूरला गेले होते. त्यांना तिथल्या मोटारस्टँडवर एका माणसानं विचारलं, तुमचा मेव्हणा मिलिटरीत मिस्त्री झाला म्हणे.

तू लातूरला येणार असशील तर ये, भाऊ. मी आडवी येणार नाही. पण आईला काय सांगायचं तेवढं आधी कळव.

तुझी,
आक्का


सागर,
१४ जानेवारी १९८६

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग शेजारच्या खाटेवरच्या पोरांना हिंदीत सांगितलं, आणि सगळी बराक हसायला लागली. त्यात मीही होतो. बऱ्याच दिवसांनी हसलो. आता मला कुणी 'बडे भाई' म्हणत नाही. 'मिस्त्री' म्हणतात. आणि गंमत म्हणजे ते ऐकून कान गरम होत नाहीत.

मी दिवसभर विचार केला. मी तोंड लपवत होतो त्याच वेळी ती मला बघून खुश होती. आता मी कचेरीत शिपाई म्हणून आलो, तर तिला वाटणार, एवढ्या मोठ्या साहेबाला कामावरून काढून टाकलं. ती गावात कुणाला काय सांगेल? काम वाईट नाही, तू म्हणतेस ते खरं, पण मी लाजून पळून येणार होतो आणि तिला ते बरोबर कळलं असतं. तेवढं तिच्यापासून लपत नाही.

डॉक्टरांनी पाय तपासला. पळायला परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी मैदानाला एक फेरी मारली आणि ओकलो. आम्हाला शिकवणारे उस्ताद ओरडले, "मिस्त्री, रेघ वाकडी होऊन राहिली." त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

काकांना मी आजच नाही म्हणून कळवलं. ते पत्र पेटीत टाकलं आहे, शपथेवर सांगतो.

आईला अजून काही सांगू नकोस. परेडमध्ये चालून झालं की खरं सांगू.

तुझा,
नरसिंग


नायगाव,
२० एप्रिल १९८६

चि. नरसिंगास,
आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, म्हणून रुसू नकोस. परीक्षा होत्या, आणि पाणी आणण्यात सकाळ जाते. नऊ फुटी खड्डा पुन्हा ओलांडलास हे वाचून मी दाजींना दोनदा वाचून दाखवलं. मिजाशीत ओलांडला नाहीस असं तू लिहितोस. बघू.

निवृत्तीकाका तुझ्यावर फुगले आहेत. ती जागा दुसऱ्याला गेली. मी लातूरला गेले तेव्हा चहा पाजला, पण साखर कमी घातली.

खरी बातमी घरची आहे. आई सागरहून आल्यापासून पंचाक्षरी मिस्त्रीच्या कामावर नजर ठेवायला लागली. एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाली, "मिस्त्री, तुमची रेघ मदी पोट काडती. माज्या लेकाची बगा जाऊन, कशी काटीवानी सरळ." मला वाटलं तो आता हिला कामावरून घालवतो. पण पंचाक्षरी माणूस मोठा गमतीचा. त्यानं सुतळीचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मग धरा की, आईसाहेब." आता ती रोज सुतळी धरते. मिस्त्रीची कंबर धरली की फक्कीही तीच मारते. मी पाहून आले. ओठ घट्ट मिटून, पदर खोचून, एक एक पाऊल जपून टाकत जाते. तू तसाच चालत होतास, असं मला दाखवून सांगत होती.

विहिरी कोरड्या पडल्या, पण आईला असं मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. लवकर चालून घे रे बाबा, माझ्या पोटात हे खरं फार दिवस राहायचं नाही.

तुझी,
आक्का


सागर,
८ जून १९८६

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम.

काल कसम खाल्ली. शिपाई झालो.

सोबत फोटो आहे. पुढच्या रांगेत उजवीकडून पहिला मी. त्या जागेवर ज्याला उभं करतात त्याला बघून बाकीची सगळी रांग सरळ होते. उस्तादांनी मला तिथं का ठेवलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाय एकदाही दुखला नाही. दुखला असता तरी कळलं नसतं.

आईला बोलावलं नाही कारण एवढ्या उन्हात तिला तीन गाड्या बदलायला लावायला जीव होईना. रजा मिळाली की मीच येतो. आता तिला सगळं सांग. पाय मोडला ते, मागं राहिलो ते, डबा का हातात होता ते, सगळं. फोटो हातात देऊन सांग, म्हणजे तिला कमी वाईट वाटेल.

तुझा,
नरसिंग


नायगाव,
२३ जून १९८६

चि. नरसिंगास,
आशीर्वाद, आणि दाजींचा खास जय भीम. त्यांनी पेढे आणले, शाळेतल्या पोरांना वाटले, आणि उरलेले स्वतः खाल्ले.

रविवारी फोटो घेऊन घरी गेले. आई कामावरून नुकतीच आली होती, हात कोपरापर्यंत पांढरे. मी तिला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. खड्डा, प्लास्टर, मागची तुकडी. फक्कीचा डबा हलकं काम म्हणून दिला होता, त्यात साहेबी काही नव्हती, हेही सांगितलं.

ती हातांवरची फक्की नखानं खरवडत राहिली. मला वाटलं, आता हिला धक्का बसला. मग म्हणाली, "मंजी त्या दिशी पाय मोडलेला व्हता?"

म्हटलं, "जुळून आला होता, पण दुखत असणार."

"आन् तरी रेघ तशी सरळ मारली त्यानं."

एवढंच बोलून तिनं डोळे पुसले. आता तिच्या तोंडाला फक्की लागली होती, ती मी पदरानं पुसली. तुला लपवल्याबद्दल शिव्या आहेत, त्या ती समोरासमोर देणार आहे, तयारीनं ये. पहिल्या उजवीकडच्याला बघून रांग सरळ होते, हे मी दोनदा समजावून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मंग तेच सांगून ऱ्हाले ना मी सा म्हयन्यापासून."

मग तिनं फोटो उजेडात धरला. मला वाटलं, तुझं तोंड बघते. पण तिचं बोट खाली, तुमच्या बुटांपाशी फिरत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ दिसते ना, तिच्यावरून. म्हणाली, "ही नव्या मानसाची न्हाई. कुटंच पोट काडलं न्हाई. इचार बरं त्याला, आता त्यो चालाया लागला, तर त्याच्या जागी फक्की मारायला कुनाला घेतलं?"

मी हसले, पण तिनं मला तीनदा बजावलं आहे, की हे विचारल्याशिवाय पत्र टाकू नकोस. तेव्हा विचारते. कळव.

तुझी,
आक्का


सागर,
५ जुलै १९८६

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम.

पुढच्या आठवड्यात रजा आहे. आधी नायगावला येतो, मग आपण दोघं मिळून घरी जाऊ, म्हणजे शिव्या वाटून घेता येतील.

आईनं विचारलं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. परेडच्या पहाटे मी उस्तादांकडं जाऊन डबा मागितला. ते म्हणाले, आज तुझी कसम आहे, कपडे खराब होतील, डोकं ठिकाणावर आहे का. मी म्हणालो, एवढं एकदा करू द्या. ते सुतळीचं दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले.

आईला सांग, कुणाला घेतलेलं नाही. ती रेघ मीच मारली होती, आणि मग अंघोळ करून, कपडे बदलून तिच्यावरून चाललो.

तुझा,
नरसिंग